लाल ठिपक्याचा कप

पंचाक्षरी बिराजदारांनी एका सरकारी आरोग्य कार्यालयात उभी हयात परिपत्रकं काढण्यात घालवली होती. हात कसे धुवावेत, पाणी कसं गाळावं, नखं किती वाढू द्यावीत, उघड्यावर काय काय करू नये, यातलं काहीही त्यांनी कुणाला प्रत्यक्ष शिकवलं नव्हतं. पण त्यांच्या सहीशिवाय ते कुठल्या गावाला कळलंही नव्हतं. माणूस निवृत्त होतो, सही निवृत्त होत नाही. लातुरातल्या आपल्या घरात त्यांनी मोरीवर, माठावर, इतकंच काय देवघराच्या चौकटीवरही स्वच्छतेच्या सूचना लावल्या होत्या. शरणम्मा, म्हणजे त्यांची बायको, त्या सूचना वाचत नसे. ती मोरी घासत असे.

त्या शरणम्माच्या उजव्या अंगावरून एके दिवशी वारं गेलं. ज्वारीची भाकरी थापता थापता हात परातीतच थांबला. दवाखाना झाला, जीव वाचला, पायही बराचसा आला. पण उजवा हात मांडीवर जिथं ठेवावा तिथंच पडून राहायला लागला. बोलणंही गेलं. मराठी तर साफ पुसली गेली आणि भालकीच्या माहेरची कानडी तेवढी चार शब्दांपुरती उरली. बेडा म्हणजे नको, कोडु म्हणजे दे, नीरु म्हणजे पाणी. पूर्वी तिच्या भाकरीची थपथप ऐकली की शेजारणींना आपला स्वयंपाक मागं पडल्याचं कळायचं. आता त्या घरातून काहीच ऐकू येईना. बिराजदारांना ती शांतता सोसवेना म्हणून ते रेडिओ लावायचे, आणि रेडिओ सोसवेना म्हणून बंद करायचे.

अशा वेळी कुणीतरी धम्मप्रियाचं नाव सांगितलं. मुलगी नांदेडची. मालिश आणि व्यायाम यांचं रीतसर शिक्षण घेतलेली, आणि लातुरात एका गाळ्यात बायकांसाठी छोटंसं मालिश केंद्र चालवणारी. ती आली, शरणम्माचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीच केलं नाही. बिराजदारांना वाटलं, हिला काही येत नसावं.

"काका," ती म्हणाली, "हाताला आठवण असते. डोकं विसरलं तरी हात विसरत न्हाई. आपण नुस्ती आठवण करून द्यायची. पण हे पहिले काही महिनेच हाताचे असतात. आत्ता उठला तर उठला, मग तो तसाच बसून जातो."

बिराजदारांनी त्या दिवसापासून त्या काही महिन्यांची धास्ती घेतली. आणि नेमकं तेव्हाच धम्मप्रियाच्या गाळ्याच्या मालकानं तिला गाळा सोडायला सांगितलं. मालिश म्हटलं की लोक भलतंच समजतात, असं कारण दिलं. तिनं लातूर पालथं घातलं. प्रत्येक घरमालक दोन प्रश्न विचारायचा. पहिला, मालिश म्हणजे कसली? त्याचं उत्तर ती नीट द्यायची. दुसरा, आडनाव काय म्हणलात? त्याचं उत्तर दिलं की जागा नुकतीच दुसऱ्याला दिल्याचं मालकाला आठवायचं. धम्मप्रिया आता नांदेडला परत जाते की काय, या भीतीनं बिराजदारांनी आपल्याच घराची पुढची खोली तिला देऊन टाकली. त्यांनी आडनाव विचारलं नाही. आणि आडनाव न विचारल्याचं गल्लीतल्या चार जणांना आवर्जून सांगितलं.

"तुझं काम तू कर, बाळा," ते धम्मप्रियाला म्हणाले. "स्वच्छतेचं मी बघतो."

खरं तर स्वच्छतेचं बघण्यासारखं काही नव्हतंच. प्रत्येक बाईला धुतलेली चादर, प्रत्येकीसाठी तेलाची वेगळी वाटी, आधी हात साबणानं, नंतर हात साबणानं, असं तिचं चोख काम होतं. पण निवृत्त माणसाच्या हाती खातं आलं की त्या खात्याला देवच तारो.

पहिली पायरी परवान्याची. बिराजदार अर्ज घेऊन गेले, तर खिडकीमागचा कारकून म्हणाला, "मालिश असं शीर्षच न्हाई आमच्याकडं. एक तर केशकर्तनालय लावा, न्हाई तर व्यायामशाळा."

"व्यायामशाळेत काय लागतं?"

"उस्ताद लागतो."

बिराजदारांनी केशकर्तनालय लावलं. मग तपासणीला माणूस आला. त्यानं चादरी बघितल्या नाहीत, तेल बघितलं नाही, खोलीत चौफेर नजर टाकून विचारलं, "वस्तरे निर्जंतुक कुठं करता?" इथं वस्तराच नाही, असं बिराजदारांनी अदबीनं सांगितलं. तो म्हणाला, "वस्तरा नसू द्या. निर्जंतुक केलेला कुठाय ते दाखवा." यावर वाद घालणं शक्य होतं, पण ज्यानं आयुष्यभर असेच प्रश्न लिहून दुसऱ्यांना पाठवले, त्याला वाद घालण्याची हिंमत होईना. बिराजदारांनी एक वस्तरा विकत आणला आणि तो रोज सकाळी उकळून ठेवायला सुरुवात केली. मालिशला येणाऱ्या बायका आधी त्या पातेल्याकडे बघायच्या आणि मग धम्मप्रियाकडे.

दुसरी पायरी पाण्याची. लातुरात नळ येणं हा सणाचा दिवस असतो. तो कधी आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. आला की माणसं हातातला घास टाकून पळतात आणि पिंप, बादली, कळशी, कुकर, जे हाताला लागेल ते भरतात. अशा गावात रोज ढीगभर तेलकट टॉवेल धुवायचे म्हणजे थट्टा नव्हती. त्यावर उपाय सुचवला शेजारच्या श्रीमंतरावांनी. हे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले. त्यांचं मत न विचारता मिळायचं आणि विचारलं तर लांबायचं.

"साहेब, धुता कशाला? आहेराचे टॉवेल काढा की. आपल्याकडं लग्नात टावेल-टोपी कुणाला न्हाई मिळाली? घराघरात पेट्या भरून पडल्यात. वापरायचे आन् बाजूला टाकायचे. नळ आला की एकदम धुवायचे."

गल्लीतून आहेराचे टॉवेल गोळा झाले. ज्यांना आहेराचा टॉवेल ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तो पाणी टिपत नाही, तेल टिपत नाही. तो फक्त एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाण्यासाठी जन्माला येतो. त्याला कोमट तेल लागलं आणि त्यानं रंग सोडला. एका बँकेतल्या बाईंची पाठ अशी गुलाबी झाली की घरी गेल्यावर त्यांच्या नवऱ्यानं त्यांना थेट कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कापूस फिरवला आणि कापूस गुलाबी झाला. बाई पुन्हा आल्या नाहीत.

मग धुणं आलंच. पण धुण्याचं पाणी फेकायचं कसं? लातूरकर पाणी फेकत नाही, ते दुसऱ्या कामाला लावतो. बिराजदारांनी ते तेलकट पाणी पिंपात साठवलं आणि सकाळी धूळ बसावी म्हणून दारापुढं त्याचा सडा घातला. त्या सड्यावर पहिलं पाऊल श्रीमंतरावांचं पडलं. ते कुणाला तरी सल्ला द्यायला निघाले होते. घोटा मुरगळला तो चांगलाच. चूक बिराजदारांची, त्यामुळे धम्मप्रियानं त्यांचा घोटा ओसरीतल्या खुर्चीवर बसवून रोज चोळून द्यावा, असं ठरलं. पुरुषांचं काम ती करत नसे. काकांची अडचण म्हणून केलं.

हे एवढं सगळं होत असताना आतल्या खाटेवर मात्र खरोखरीचं काम चाललं होतं. धम्मप्रिया रोज गिऱ्हाइकं यायच्या आधी शरणम्माच्या हाताला कोमट तेल लावायची, बोट बोट मोकळं करायची आणि मग तळव्यावर ज्वारीच्या मळलेल्या पिठाचा गोळा ठेवायची. "दाबा, काकू. तुमचंच पीठ हाय." कितीतरी दिवस गोळा जसाच्या तसा गोल राहिला. आणि एका सकाळी त्याच्यावर अंगठ्याचा खळगा उमटला. धम्मप्रिया नाचायचीच बाकी राहिली. बिराजदार तो गोळा घेऊन गल्लीत दाखवून आले.

"आता मनगट," धम्मप्रिया म्हणाली. "मनगट वळलं की जिंकलं, काका. मनगट वळलं की भाकरी लांब न्हाई."

शरणम्मा डाव्या हातानं तिच्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "पिया." वारं गेल्यापासून तिच्या तोंडून धड निघालेलं हे एकच नाव. बिराजदारांचं नाव अजून निघालं नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण पंचाक्षरी हे नाव जोडाक्षरामुळे अवघड पडत असावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

आनंदाच्या भरात माणूस जास्त काम करतो. बिराजदारांनी ऑइलपेंटचे तीन डबे आणले आणि केंद्रातल्या वस्तूंना ठिपके द्यायला घेतले. निळा ठिपका घरचा, हिरवा गिऱ्हाइकांचा, लाल मॅडमचा, म्हणजे धम्मप्रियाचा. बादल्यांना ठिपके, मगांना ठिपके, स्टुलांना, सपातांना, टॉवेलच्या कोपऱ्यांना ठिपके. रंगानुसार वस्तू वेगळ्या ठेवल्या की संसर्ग टळतो, असं त्यांच्याच सहीचं एक जुनं परिपत्रक होतं. दारावर फलक लागला. पाय धुऊन आत यावे, नखे कापलेली असावीत, नेलकटर साखळीने बांधला आहे तो ओढू नये. एक म्हातारी पाय धुता धुता म्हणाली, "मी देवळात जाताना बी इतके पाय धुत न्हाई गं माय. इथं कोण बसलंय आत?"

शेवटी राहिले चहाचे कप. मालिश झाली की येणारीला चहा द्यायची पद्धत होती, आणि आता चहा बिराजदार स्वतः करत. प्रत्येकाचा कप ठरला की विसळायला पाणी कमी लागेल, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता. कपांना ठिपके लागले. निळे कप स्वयंपाकघरातल्या फळीवर गेले. हिरवे कप गरम पाण्यानं धुऊन त्याच फळीवर, जरा पलीकडं. लाल ठिपक्याचा कप एकच होता. त्याचा रंग वाळला, बिराजदारांनी तो उचलला आणि पुढच्या खोलीच्या ओसरीकडल्या खिडकीत, गजाबाहेर, पालथा ठेवून दिला. का, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. हात तिकडं गेला, एवढंच.

किटलीची तोटी कपाला लागू नये, हाही नियम होता. म्हणून ते त्या कपात चहा वरून धरून ओतायचे. ज्याचा कप त्यानं विसळावा, हाही एक नियम होता. गिऱ्हाईक म्हणजे पाहुणे, शरणम्मा आजारी, तेव्हा हा नियम लागू होण्यासारखं माणूस एकच उरत होतं. पहिल्या दिवशी धम्मप्रिया खिडकीतल्या त्या कपाकडे जरा वेळ बघत राहिली. बिराजदारांना वाटलं, तिला ठिपका आवडला.

त्या दिवसापासून शरणम्मा बिथरल्यासारखी वागू लागली. चहा आला की ती डाव्या हातानं आपला निळा कप उचलायची आणि धम्मप्रियाकडे ढकलायची. "कोडु," म्हणायची, म्हणजे दे, "कोडु, कोडु!" बिराजदारांना वाटायचं, तिला आणखी हवाय. ते कप परत तिच्याकडे सरकवायचे. ती तो पुन्हा ढकलायची. एकदा या ढकलाढकलीत चहा चादरीवर सांडला आणि बिराजदार चिडले. "अगं, दुसऱ्याचा कप द्यायचा नसतो! संसर्ग होतो! शिकल्यासवरल्या माणसाची बायको तू." शरणम्मानं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चादर उचलून मोरी गाठली.

पुढं काही दिवसांनी धम्मप्रिया म्हणाली, "काका, मी चहा सोडला."

बिराजदार खूश झाले. चहानं दात काळे पडतात, भूक मरते. त्यांनी येणाऱ्या प्रत्येक बाईला धम्मप्रियाचं उदाहरण दिलं. "बघा, आमच्या मॅडमनी चहा सोडला. एवढ्या तरुण वयात." धम्मप्रिया तेव्हा दुसरीकडं बघायची. कप खिडकीत तसाच पालथा राहिला आणि त्याच्यावर धूळ बसू लागली. बिराजदारांनी ती दोनदा पुसली सुद्धा, गजातून हात घालून.

आणि मग तो दिवस आला. धम्मप्रियाचं श्रीमंतरावांचा घोटा चोळणं झालं होतं. सूज उतरली होती. त्यांनी पाय खाली ठेवून बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला. धम्मप्रिया हात धुवायला ओसरीच्या कडेच्या टाकीच्या नळाकडे वळली. श्रीमंतरावांनी खिडकीकडे बोट केलं आणि आपल्या मते आवाज खाली घेतला. त्यांचा खालचा आवाज एसटी स्टँडवर पोहोचणारा होता.

"साहेब, एक सांगू का? तुमचं लई आवडलं बगा. जमाना कितीबी बदलू द्या, तुम्ही कप तेवढा भायेर ठिवला. बोलायचं न्हाई, दुखवायचं न्हाई, पर पाळायचं. याला म्हणत्यात घराणं."

त्याच बाईच्या हातांनी त्यांचा पाय जमिनीला लागला होता. तेल अजून घोट्यावर चमकत होतं.

 बिराजदारांनी आधी श्रीमंतरावांकडे बघितलं, मग खिडकीकडे. धम्मप्रियानं नळ बंद केला. हात पुसले. आत जाऊन तिनं शरणम्माचं त्या दिवशीचं सगळं काम केलं, एक बोटही गाळलं नाही, पिठाचा गोळा दिला, काढला, हात पदरानं पुसून मांडीवर ठेवला. "येते, काकू," म्हणाली. बिराजदार दारातच उभे होते. त्यांना वाटलं, काहीतरी बोलावं. पण काय बोलावं याचं परिपत्रक कधी निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. निरोप आला की नांदेडला जागा बघितली आहे, मालिशचं टेबल न्यायला टेंपो येईल. टेंपो आला आणि टेबल गेलं. शरणम्मा खुर्ची ओढायला लावून ओसरीकडल्या खिडकीपाशी बसायला लागली. हात मांडीवर होता. त्याची बोटं रोज थोडी थोडी आत वळत होती.

बिराजदारांचा आधी अपमान झाला होता, दुःख नंतर झालं. मी? मठातल्या व्याख्यानमालेत समतेवर दरवर्षी बोलणारा मी? ज्यानं आडनाव सुद्धा विचारलं नाही, तो? आरशापुढं उभे राहून त्यांनी हे भाषण बऱ्याच वेळा केलं आणि प्रत्येक वेळी ते जिंकले. पण मग ते आतल्या खोलीत यायचे, शरणम्माची मिटत चाललेली मूठ बघायचे, आणि जिंकलेलं सगळं तिथं हरायचे. शेवटी त्यांनी ते जुनं परिपत्रक कागदांच्या ढिगातून शोधून काढलं, पिशवीत घातलं आणि नांदेडची एसटी पकडली.

धम्मप्रियाचं घर सापडलं. दारात तिची आजी सरजाबाई ज्वारी निवडायला बसली होती. तिनं कोण, कुठले, काही न विचारता आधी पाणी दिलं आणि मग नातीला हाक मारली. "लातूरचे पाव्हणे आल्यात गं. लांबून आलाव बाबा, चहा टाकते."

धम्मप्रिया बाहेर आली. "या, साहेब," म्हणाली. काका म्हणाली नाही. बिराजदारांनी ते ऐकलं आणि पिशवीचा बंद सोडायला घेतला.

त्यांनी परिपत्रक पुढं केलं. सगळं समजावून सांगितलं. निळा घरचा, हिरवा गिऱ्हाइकांचा, लाल तिचा. पाण्याची टंचाई, संसर्ग, तोटी. तसलं काही मनात सुद्धा नव्हतं. त्यांचा आवाज चढला, मग चिरकला. धम्मप्रियानं कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला.

"साहेब, बरोबर हाय सगळं," ती म्हणाली. "यात खिडकी कुठं लिहिलीय?"

बिराजदारांनी कागद परत घेतला आणि खरोखरीच शोधून बघितलं. मग त्यांचा हात खाली आला.

"हिरवे कप पण बाहेरच्या बायकांचेच होते. ते आत जायचे, तुमच्या फळीवर. माझा एकटा का भायेर होता?" तिनं आवाज चढवला नाही. "आजीचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा, साहेब. ज्यांच्या शेतात जायची त्यांच्या. वरून ओतायचे, तिनंच धुवायचा, पालथा ठेवायचा. लहानपणी ती सांगायची तेव्हा मला ते लई जुनं वाटायचं."

उदगीरकडल्या आपल्या गावातलं घर बिराजदारांच्या डोळ्यांपुढं आलं. त्या घरालाही गोठा होता. गोठ्याला कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा असायचा, आणि तो कुणाचा, हे त्यांनी आईला कधी विचारलं नव्हतं. विचारावं लागत नसे. लहान असताना एकदा तो त्यांनी स्वतः तिथं ठेवला होता. डोकं सगळं विसरलं होतं. व्याख्यानं देत होतं, आडनाव विचारत नव्हतं. हात विसरला नव्हता. त्यांना लाज वाटली, खरीखुरी, कानापर्यंत, आणि तिचं काय करायचं ते कळेना.

"चुकलं, बाळा," ते म्हणाले. "माझं चुकलं. तू ये. तो कप मी फोडून टाकतो."

"कप फोडून काय हुतंय, साहेब."

"माझ्यासाठी नको. तिच्यासाठी ये. तिची बोटं मिटायलीत."

धम्मप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही. "काकूंची आठवण मला रोज येते. पण मी त्या घरात आले की खिडकीकडं बघीन. राग येईल. हातात राग असला की समोरच्या हाताला कळतं. काकूंच्या हाताला तर लगेच कळंल. त्यापेक्षा तुम्ही करा. मी दाखवते."

तिनं आजीला बोलावलं, आजीचा हात घेतला आणि तेल कसं चोळायचं, बोटं कशी उघडायची, मनगट कसं आधार देऊन फिरवायचं, सगळं त्यांना दोनदोनदा दाखवलं. बिराजदार मान हलवत राहिले. चहा आला. आजीनं तीन कप आणले होते, तिन्ही सारखे. बिराजदारांनी चहा घेतला. दोन घोटांनी कप खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. "गार झाला का?" आजीनं विचारलं. रिकामा झाल्यावर तिनं त्यांचा कप आपल्या कपात घातला, दोन्ही नातीच्या कपात घातले आणि मोरीकडे घेऊन गेली.

बिराजदार लातूरला पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. शरणम्मा खिडकीपाशीच बसली होती. तिनं त्यांच्या मागं बघितलं. दार उघडंच होतं, मागं कुणी नव्हतं.

"पिया?"

बिराजदार पायातल्या चपला न काढता तिच्यापुढं जमिनीवर बसले. एसटीचा दांडा धरून आलेले हात त्यांनी धुतले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते सुचलंच नाही. त्यांनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, धम्मप्रियानं दाखवला होता तसा, खालून आधार देऊन. तो गार होता.

"ती न्हाई येणार, शरणम्मा," ते म्हणाले. "माझ्यामुळं. तो कप खिडकीत मी ठिवला. तू तिला तुझा कप देत हुतीस, आन् मी तो काढून घेत हुतो. आता कळलं मला. आता मी करीन तुझं सगळं. शिकून आलोय."

शरणम्मा रडली नाही. तिचे ओठ हलले.

"बेडा," ती म्हणाली. नको.

आणि बिराजदारांच्या तळव्यात काहीतरी हललं.  तिची बोटं सरकली, अंगठा आत आला, आणि मनगट वळलं. हळू वळलं, पण पुरतं वळलं. ज्याची धम्मप्रिया आणि ते इतके दिवस वाट बघत होते ते मनगट वळवून शरणम्मानं आपला उजवा हात त्यांच्या हातांतून काढून घेतला आणि पदराखाली ठेवला.

बिराजदार ताडकन उठले. "धम्मप्रिया!" त्यांनी पुढच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "अगं ये, मनगट वळलं! काकूंचं मनगट वळलं!"

पुढच्या खोलीत मालिशच्या टेबलाच्या पायांचे फरशीवर चार डाग राहिले होते. खिडकीत कप होता. बिराजदार दारातच उभे राहिले, आणि त्यांच्यामागं शरणम्मा, तोंड भिंतीकडं करून, रडायला लागली.